वऱ्हाडातला अर्धा र

‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’. या दोन निरोपांत एका वाकड्या रेघेचा फरक आहे. पहिला निरोप गेला तर विद्वान येतील, दुसरा गेला तर स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. एक डोक्यावर बसणारा रफार, आणि दुसरा पापणीसारखा वाकून पुढच्या अक्षराला टेकणारा. रफार असला की आधीच्या अक्षरावर आघात येतो, पापणीचा र असला की येत नाही. शाळेत हे कुणी फारसे समजावून सांगत नाही, तरी प्रत्येक मराठी माणूस ते बरोबर बोलतो.

हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही. मराठीला, कोकणीला आणि नेपाळीला पडते. नेपाळीत ‘केले’ या अर्थाचे ‘गऱ्यो’ हे क्रियापद पावलोपावली येते, आणि त्यात हाच र असतो.

मी ज्या भागातला आहे, त्याचे तर नावच या र वर उभे आहे: वऱ्हाड. ब्रिटिशांनी कागदोपत्री ‘बेरार’ करून हा प्रश्न टाळला. आपल्याला तो टाळता येत नाही. इंटरनेटवर, आणि त्यातही इंटरनेटच्या पत्त्यांत, हे नाव नीट लिहिता यावे की नाही हे कुणी ठरवले, कुठे ठरवले आणि ठरवताना तिथे आपल्यापैकी कोण होते, हे शोधायला मी निघालो. हा त्याचाच इतिहास आहे.

कॅलिफोर्निया इकडचा आणि तिकडचा

शेंदूरजनाघाट हे अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. संत्र्याच्या कलमांसाठी ते ओळखले जाते. वरुड-मोर्शीच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, हे तुम्ही भाषणांत ऐकले असेल. मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात मिसळलेली ऐकू येते. डोंगराच्या अंगाने गोंडी आहे, मेळघाटात कोरकू आहे. घरात बोलतात ती वऱ्हाडी. जगातल्या भाषांना तीन अक्षरी संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘वऱ्हाडी-नागपुरी’ला मराठीपासून वेगळा संकेत आहे, हे आमच्या गावात फार कुणाला माहीत नसेल.

माझ्या मामांची संत्र्याची रोपवाटिका आहे, आणि तिच्या पाटीवर ‘वऱ्हाड’ हा शब्द आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी वेबसाइट काढायचे मनावर घेतले. इंग्रजी पत्ता नको, गिऱ्हाइकाला वाचता येईल असा मराठीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पत्ते विकणाऱ्या एका पानावर आम्ही नाव टाकले, तर समोर ‘वर्हाड’ उमटले. मामांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “आपल्या पाटीवर हाय तसंच तिथं काऊन नाई येत बापू?”

या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. त्याची सुरुवात कानपूरला होते, मग ते पुण्यात येते, आणि पुढे दुसऱ्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जाते.

पुण्याने दिलेले, मधे हरवलेले

१९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणायचे काम केले. १९८८मध्ये ते काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्यातून ‘इस्की’ हे मानक पक्के झाले आणि १९९१मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते प्रसिद्ध केले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची अक्षरे एकाच चौकटीत बसवायची, हा त्यातला मुख्य विचार. पापणीच्या र साठीही त्यात सोय होती. ‘ऱ’ नावाचे एक अक्षर घ्यायचे, त्याला हलन्त लावायचा, की पुढच्या अक्षराआधी पापणी उमटते.

त्याच वर्षी, १९९१च्या ऑक्टोबरात, युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. आज तुमच्या फोनमधले प्रत्येक अक्षर युनिकोडच्या क्रमांकाने साठवले जाते. भारतीय लिप्यांसाठी युनिकोडने इस्कीच्या १९८८च्या आराखड्याचा आधार घेतला. पण १९९६च्या २.० आवृत्तीत पापणीच्या र साठी वेगळी रीत होती. साधा र, त्याला हलन्त, आणि त्यामागे एक अदृश्य खूण, जिला ‘झिरो विड्थ जॉइनर’ म्हणतात. पुढच्या आवृत्त्यांत इस्कीची रीत मुख्य म्हणून आली. जुनी रीतही, आधी लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून, कायम राहिली.

परिणाम असा की ‘वऱ्हाड’ हा शब्द फोनमध्ये दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. दोन्ही डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण यंत्रासाठी ते दोन निराळे शब्द आहेत. एखाद्या पीडीएफमध्ये किंवा नावांच्या लांबलचक यादीत वऱ्हाडे, कऱ्हाडे, गोऱ्हे अशी आडनावे शोधून पाहा. तुमच्या कीबोर्डची रीत एक आणि यादी बनवणाऱ्याची दुसरी असेल, तर समोर दिसणारे नाव ‘सापडले नाही’ असे उत्तर येऊ शकते. शेंदुरजना की शेंदूरजना, हा घोळ निदान डोळ्यांना दिसतो. हा दिसतही नाही.

गंमत अशी की युनिकोडच्या तक्त्यात ‘ऱ’ या अक्षरापुढे त्याचे काम म्हणून द्राविडी भाषांतला एक ध्वनी देवनागरीत लिहिणे, असे नोंदले आहे. त्याचे अर्धे रूप म्हणजे आपली पापणी, हे पुढे जोडून सांगितलेले. म्हणजे वऱ्हाडातला र बसला आहे तो दुसऱ्याच्या खुर्चीवर.

पत्त्यातून गळालेली खूण

लिहिण्याचे हे झाले. पत्त्याचे प्रकरण त्याहून अवघड होते. इंटरनेटचे पत्ते सुरुवातीपासून इंग्रजी अक्षरांत. इतर लिप्यांसाठीचे पहिले तांत्रिक नियम २००३मध्ये आले. त्या नियमांत अदृश्य खुणा सरळ गाळल्या जात. जॉइनर गळाला की पापणी गेली, आणि र डोक्यावर जाऊन बसला. मामांच्या पाटीवरचा वऱ्हाड पत्त्यात ‘वर्हाड’ व्हायला एवढे कारण पुरेसे आहे. दऱ्या लिहिले तर दर्या, आचाऱ्यांना लिहिले तर आचार्यांना. २०१०मध्ये सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले, आणि हलन्तामागे जॉइनर ठेवायला त्यात जागा मिळाली.

हे नियम एकीकडे, आणि पत्त्यांचा कारभार दुसरीकडे. तो कारभार आयकॅन ही संस्था पाहते. १९९८मध्ये कॅलिफोर्नियात तिची नोंदणी झाली आणि मुख्य कार्यालय लॉस एंजेलिसला आहे. पत्त्याच्या शेवटच्या टिंबानंतर येणारे शब्द, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन वगैरे, यांची जगभरात एकच मुख्य यादी असते. तिला रूट झोन म्हणतात. त्या यादीत काय येईल हे आयकॅनच्या प्रक्रियेतून ठरते.

२००९मध्ये आयकॅनने देशांना आपापल्या लिपीत देशाचे नाव मागायची वाट खुली केली. भारताने पहिल्या खेपेला सात भाषांसाठी अर्ज केला: हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू. देवनागरीतल्या ‘भारत’पुढे भाषा लिहिली गेली हिंदी. मराठीचे नाव त्या सातांत नव्हते. कुणी मुद्दाम वगळले असे म्हणायला मला काही आधार दिसत नाही. अर्ज लिपीगणिक होता, आणि देवनागरी म्हटले की हिंदी आलीच, असा तो हिशेब. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतला ‘डॉट भारत’ लोकांसाठी खुला झाला तेव्हा हिंदीबरोबर मराठी, कोकणी, मैथिली, नेपाळी, बोडो, डोगरी आणि सिंधी यांचीही नावे घेतली गेली.

मराठीची अडचण नेमकी इथे आहे. तमिळची लिपी तिची एकटीची आहे, त्यामुळे तमिळ लिपीचा विषय निघाला की तमिळ माणसाला विचारावेच लागते. मराठीची लिपी सामायिक आहे. देवनागरीचे प्रतिनिधी आले आहेत म्हटले की मराठीची खुर्ची भरली असे सगळ्यांना वाटते, आणि आपल्यालाही वाटते. ळ कुठे लागतो, ॲ का लागतो, पापणीचा र कशाला, हे सांगणारे त्यात कुणी आहे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८मध्ये, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. तोवर ‘ॲप’ किंवा ‘ॲसिड’ लिहिताना काहीतरी जुळवाजुळव करावी लागे.

नऊ लिप्यांची पंगत

रूट झोनमध्ये कुठल्या लिपीतली कुठली अक्षरे चालतील, हे ठरवण्यासाठी आयकॅनने प्रत्येक लिपीच्या जाणकारांचे गट बोलावले. ब्राह्मीतून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी मिळून एक गट झाला: बंगाली, देवनागरी, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, मल्याळम, ओडिया, तमिळ, तेलुगू. त्याला ‘निओ-ब्राह्मी पॅनेल’ म्हणतात. त्याचे सहअध्यक्ष तिघे: जयपूरचे उद्योजक अजय डेटा, पुण्याच्या सी-डॅकचे महेश कुलकर्णी, आणि भाषाशास्त्रज्ञ व मैथिली कवी उदय नारायण सिंह. गटात भारताबाहेरचेही सदस्य होते, नेपाळचे धरून.

काम कंटाळवाणे वाटेल असे, पण जबाबदारीचे. रूट झोनमधले नाव सगळ्या जगाचे, म्हणून तिथे फसवणुकीला फट ठेवायची नाही. त्यामुळे अदृश्य खुणांना तिथे पूर्ण मज्जाव. जॉइनरची वाट बंद. उरली ‘ऱ’ची वाट. पण दुसरा नियम असा की रोजच्या वापरातली अक्षरेच घ्यायची, आणि सुटा ‘ऱ’ तर मराठीच्या वर्णमालेत नाहीच. तो दिसतो फक्त पापणीच्या रूपात. केवळ तक्ता समोर ठेवून बसलेल्या माणसाने ‘द्राविडी ध्वनीसाठी, इकडे वापर नाही’ असे म्हणून त्यावर काट मारली असती, तर नियमाप्रमाणे ते चुकीचे ठरले नसते. वऱ्हाड मात्र कायमचा बाहेर राहिला असता.

तसे झाले नाही. देवनागरीचा प्रस्ताव २०१८मध्ये लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवला गेला आणि २०१९च्या एप्रिलमध्ये अंतिम झाला. त्यात ‘ऱ’ला सुटे स्थान नाही. पण ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या दोन जोड्यांना आहे. पुढे य किंवा ह असेल तरच हा र चालेल. मराठीची गरज नेमकी तेवढीच असते: दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड, वऱ्हाड. जुलै २०१९मध्ये हे नियम रूट झोनच्या संचात आले.

हा निकाल मला प्रतिनिधित्वाचा उत्तम धडा वाटतो. मराठीचे नाव यादीत असल्याने पापणी वाचली असे नाही. तिचे काम नेमके काय, ती कुठे येते आणि कुठे येत नाही, हे माहीत असलेली माणसे निर्णयाच्या जागी होती, म्हणून ती वाचली. कोकणी आणि नेपाळीची गरज तीच असल्याने आपले वजनही वाढले. हिंदीशी लिपी वाटून घेतल्याने मराठी झाकली जाते, आणि नेपाळीशी एक अक्षर वाटून घेतल्याने ती दिसू लागते.

करार आणि खुर्ची

आमच्याकडे पुण्याचे नाव निघाले की नागपूर कराराचा विषय निघतोच, म्हणून तोही इथे मांडतो. वऱ्हाडाला प्रतिनिधित्वाचे प्रश्न नवे नाहीत. १९०३मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, आणि मराठी-हिंदी अशा दुभाषिक प्रांतात आमच्या आजोबा-पणजोबांनी दिवस काढले. ८ ऑगस्ट १९४७ला अकोला करार झाला, २८ सप्टेंबर १९५३ला नागपूर करार. नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, निधीचे न्याय्य वाटप, अशी त्यातली वचने. १९५६मध्ये घटनेच्या ३७१व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली, आणि मंडळे प्रत्यक्षात आली १९९४मध्ये. मधे अडतीस वर्षे गेली. विदर्भात ‘अनुशेष’ हा शब्द शाळकरी पोरांनाही कळतो, तो यामुळे.

या इतिहासातून आलेल्या माणसाला इंटरनेटच्या कारभारातले वाटप पाहताना काही गोष्टी लगेच दिसतात. आयकॅनने जगाचे पाच भाग केले आहेत, आणि संचालक मंडळात एका भागातून पाचपेक्षा जास्त जण येऊ शकत नाहीत. ऐकायला छान. पण आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक मिळून एक भाग, म्हणजे अर्ध्याहून जास्त माणुसकी एका खान्यात. उत्तर अमेरिकेला तेवढाच स्वतंत्र खाना. आपल्या विभागात इंटरनेटचे क्रमांक वाटणारी संस्था आहे एपीनिक, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची. तिच्या कार्यकारी समितीच्या निवडणुकीत सभासदाकडे क्रमांक जितके जास्त, तितकी मते जास्त. सगळ्यात खालच्या पायरीवर एक मत, सगळ्यात वरच्या पायरीवर चौसष्ट. सहकारी सोसायटीत पाच एकरवाल्यालाही एकच मत आणि पन्नास एकरवाल्यालाही एकच, हे पाहत वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. त्यांचे म्हणणे, जो जास्त फी भरतो त्याचा भारही जास्त. यावर वाद घालता येईल, पण घालायचा तर इंग्रजीत, कारण तिथले कामकाज इंग्रजीत चालते. आयकॅनची मुख्य कागदपत्रे संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत येतात. त्या सहांत भारतातली एकही भाषा नाही.

आवाज उठवला तर फरक पडतो का? तमिळनाडूचे उदाहरण पाहा. २०१०मध्ये ग्रंथ लिपी युनिकोडमध्ये घ्यायचा प्रस्ताव होता. त्याने तमिळला बाधा येईल असे वाटून मुख्यमंत्री करुणानिधींनी केंद्राला पत्र लिहिले, आणि निर्णय पुढे ढकलला गेला. त्यांची भीती खरी होती की नव्हती हा भाग वेगळा, पण राज्याचा मुख्यमंत्री अक्षरांच्या तक्त्यावर पत्र लिहितो, हे घडले. शेवटी ग्रंथ लिपी २०१४च्या ७.० आवृत्तीत आली. त्याच आवृत्तीत आपली मोडीही आली. मोडीचा प्रस्ताव लिहिला अंशुमन पांडे यांनी, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातून. पेशव्यांच्या दप्तरातली कोट्यवधी पाने ज्या लिपीत आहेत, तिचा प्रस्ताव मुंबई-पुणे-नागपुरातून निघाला नाही. पांड्यांचे उपकार मानावेत, आणि आपण तेव्हा कुठे होतो हेही विचारावे.

आपल्यापुढचा खाना

नियमात जागा मिळाली म्हणून सगळे मिळाले असे होत नाही. २०२६च्या फेरीत टिंबापुढचा नवा शब्द मागायची फी ठरली २,२७,००० अमेरिकी डॉलर. गरजूंना सवलत आहे, तरी संत्रा बागाईतदारांचा एखादा संघ ‘डॉट वऱ्हाड’ मागेल असे मला वाटत नाही. दुसरीकडे, मराठी पत्ता किंवा मराठी ईमेल टाकला की अनेक ॲप आणि अर्ज अजून ‘अवैध’ म्हणतात. मामांनी शेवटी इंग्रजी पत्ता घेतला. पाटी मराठी, पत्ता इंग्रजी.

आणखी एक गोष्ट आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना विसरून चालणार नाही. ‘डॉट भारत’ची मांडणी घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांभोवती आहे. कोरकू त्या २२ भाषांत नाही, गोंडीही नाही. गोंडीच्या दोन लिप्या युनिकोडमध्ये आल्या, मसराम २०१७मध्ये आणि गुंजाळा २०१८मध्ये. कोरकू लिहिली जाते ती मुख्यतः देवनागरीत, म्हणजे हिंदीसमोर मराठीची जी गत, तीच मराठीसमोर मेळघाटातल्या कोरकूची. देवनागरी आली म्हणजे मराठी आली असे दुसऱ्याने धरले की आपल्याला राग येतो. मराठी शाळा आली म्हणजे कोरकू पोराचे झाले, असे आपणही धरतोच की.

या प्रक्रियांत एक दार मात्र उघडे असते. प्रस्ताव लोकांसमोर ठेवले जातात, आणि हरकत नोंदवायला कुठली पदवी किंवा सभासदत्व लागत नाही. तुमच्या फोनवरून ती पाठवता येते. इंग्रजीची अडचण आहे, पण ती चार जणांनी मिळून सोडवण्याजोगी आहे. हरकत अशी असावी की ‘आमच्यावर अन्याय’ एवढ्यावर न थांबता ‘आचार्य आणि आचारी यांत हा फरक आहे, आणि तो या दोन जोड्यांपुरता आहे’ इतकी नेमकी बोलणारी. पापणीच्या र ने जागा मिळवली ती तशाच नेमकेपणाने. कोरकूचे कुठले अक्षर, कुठली खूण अशीच बाहेर राहिली आहे, हे मला सांगता येणार नाही. धारणी-चिखलदऱ्यातल्या मुलांना येईल. त्यांना विचारायला हवे, आणि ‘चिखलदरा’ असे लिहिताना सरळ असलेला र ‘चिखलदऱ्यात’ म्हणताना का वाकतो, हेही त्यांना सांगायला हवे.